निकस धातुकाचे लोखंड

महाबळेश्वराच्या पठारावर जी तांबडी-काळसर, सच्छिद्र शिला सर्वत्र पसरलेली दिसते, तिला जांभा म्हणतात. थंड हवेसाठी गेलेला प्रवासी तिच्याकडे घरे बांधण्याचा दगड म्हणून पाहतो आणि तिची लाल माती कपड्यांना लागली म्हणजे कुरकुरतो. परंतु या शिलेच्या पोटात लोखंड आहे, ही गोष्ट सह्याद्रीच्या माथ्यावर राहणाऱ्या धावडांस फार पूर्वीपासून ठाऊक होती. धावड हे लोखंड गाळणारे मुसलमान कारागीर. मातीची भट्टी, चामड्याचा भाता, लाकडी कोळसा आणि जांभ्यातले जड खडे, एवढ्या सामग्रीवर ते लोखंड काढीत. पुढे एकोणिसाव्या शतकात विलायती लोखंड स्वस्त झाले, कोळशासाठी झाडे तोडण्यावर सरकारी निर्बंध आले, आणि त्यांच्या भट्ट्या थंड पडल्या. त्या पठारावर आज स्ट्रॉबेरीचे मळे आहेत.

परक्या मालाच्या स्पर्धेने हा धंदा बुडाला असे सांगण्याची प्रथा आहे, आणि ते खोटे नाही. तथापि त्या भट्टीच्या रचनेतच एक अडचण दडलेली होती. ती केवळ धावडांची अडचण नव्हती. जगातील मोठमोठ्या पोलाद कारखान्यांनाही ती चुकलेली नाही, आणि दिवसेंदिवस ती अधिकच जाणवू लागली आहे. ही अडचण म्हणजे लोखंडाबरोबर येणारा दगड.

ज्या दगडातून धातू काढणे परवडते त्याला धातुक म्हणतात. लोखंडाचे धातुक म्हणजे बहुधा लोखंड आणि प्राणवायू यांचे संयुग. त्याचे दोन प्रमुख प्रकार आहेत. तांबूस रेघ उमटविणारे हेमेटाइट हा एक, आणि लोहचुंबकाला चिकटणारे काळे मॅग्नेटाइट हा दुसरा. निर्भेळ हेमेटाइटात शंभर भागांत ७० भाग लोखंड असते, मॅग्नेटाइटात ७२ हून थोडे अधिक. म्हणजे ६५ टक्के लोखंडाचे धातुक हे जवळजवळ शुद्धच म्हटले पाहिजे. अशा धातुकास सकस म्हणू. उलट ज्यात ३० ते ४५ टक्केच लोखंड आहे आणि उरलेला बराचसा भाग गारेचा, चिकणमातीचा किंवा चुन्याचा आहे, ते निकस धातुक. जमिनीच्या बाबतीत आपल्याकडे हेच दोन शब्द वापरतात, आणि येथेही ते शोभतात, कारण निकस जमिनीप्रमाणेच निकस धातुकही श्रम घेते पुष्कळ आणि देते थोडे.

सर्वसाधारण समजूत अशी असते की, अशा धातुकातून लोखंड ‘निघत नाही’. वस्तुतः ते निघावयास काहीच हरकत नसते. धातुकातील प्राणवायू काढून घेण्याच्या क्रियेला क्षपण म्हणतात. कोळसा अपुऱ्या हवेत जळला म्हणजे कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. हा वायू प्राणवायूचा मोठा लोभी. तापलेल्या धातुकाला तो भिडला की पायरीपायरीने त्यातील प्राणवायू हिरावून घेतो. हेमेटाइटाचे प्रथम मॅग्नेटाइट होते, मॅग्नेटाइटाचा कनिष्ठ प्रतीचा ऑक्साइड होतो, आणि शेवटी धातुरूप लोखंड उरते. यासाठी हजार अंशांच्या आतली उष्णता पुरते, आणि धातुक सकस असो वा निकस, या क्रियेत मूलतः फरक पडत नाही. फरक पडतो तो नंतर. लोखंड तयार झालेले असते, पण ते बारीक कणांच्या रूपाने दगडात अडकलेले असते. बुंदीच्या लाडवातून नुसता पाक वेगळा काढावा, तसे ते काम आहे.

म्हणून निकस धातुकाचा खरा प्रश्न रसायनाचा थोडा आणि विभक्त करण्याचा फार. दगड टाकावयाचा तर आहेच. तो भट्टीच्या आधी टाकावा, भट्टीत टाकावा की भट्टीनंतर टाकावा, एवढेच ठरवावयाचे असते. लोखंडाच्या इतिहासातील बऱ्याच मोठ्या शोधांकडे या एका प्रश्नाची निरनिराळी उत्तरे म्हणून पाहता येते.

जुन्या मातीच्या भट्टीचे उत्तर असे होते : दगड भट्टीत वितळवावा, पण लोखंड वितळू देऊ नये. लोखंड वितळावयास १५३८ अंश सेंटिग्रेड उष्णता लागते. हातभात्याच्या भट्टीत ती मिळणे कठीण. मग गार तरी कशी वितळावी? ती तर याहूनही हट्टी. यावर निसर्गानेच एक तोड ठेवली आहे. क्षपण अर्धवट झालेला लोखंडाचा ऑक्साइड गारेशी संयोग पावतो आणि जे संयुग होते ते सुमारे १२०० अंशांवर पातळ होऊन वाहू लागते. हीच धातुमळी. ती भट्टीच्या तळाच्या छिद्रातून वाहून जाते, आणि आत स्पंजासारखा लोखंडाचा गोळा राहतो. तो तापता असतानाच घणाने ठोकून उरलीसुरली मळी पिळून काढावयाची. युक्ती सुरेख आहे, यात शंका नाही. परंतु तिची किंमत काय पडते, हेही पाहावयास पाहिजे.

हा हिशेब ऐकताना श्रोत्यांनी पाटी-पेन्सिल घेऊन बसण्याचे कारण नाही. तो फार सोपा आहे. त्या मळीत गारेच्या प्रत्येक १० किलोमागे १८ किलोंहून अधिक लोखंड बांधले जाते. समजा, १०० किलो धातुकात ३० किलो लोखंड आणि २० किलो गार आहे. तर ती २० किलो गार एकटीच ३७ किलो लोखंड मागते, म्हणजे होते नव्हते त्याहून अधिक. प्रत्यक्षात कोळशाच्या राखेतील चुना थोडी मदत करतो, आणि हिशेब इतका निर्दय राहत नाही. तरीही निकस धातुक या भट्टीत घातले तर पदरात मळीच पडणार, हे उघड आहे. म्हणून अशा भट्ट्यांवर काम करणारे कारागीर कोठल्याही देशाचे असोत, ते धातुक वेचून, फोडून, भाजून, पाण्यात धुऊन मगच भट्टीत घालीत. आपल्या आदिवासी आणि ग्रामीण लोहारांनी ‘हलक्या’ दगडातून लोखंड काढले, असे जे कौतुकाने म्हटले जाते, त्यात थोडी दुरुस्ती केली पाहिजे. डोंगर हलका होता. त्यांनी भट्टीत घातलेला खडा हलका नव्हता. त्यांचे कौशल्य भाता मारण्यात जितके होते, तितकेच, किंबहुना अधिक, खडा ओळखण्यात होते.

झोतभट्टीने दुसरे उत्तर दिले. गारेला लोखंड हवे असते ते संयोगासाठी. मग त्याऐवजी तिला चुना द्यावा. भट्टीत चुनखडी घातली की तिचा चुना होतो, तो गारेशी संयोग पावतो, आणि लोखंड मोकळे राहते. भट्टी उंच झाली, तापलेल्या हवेचा झोत मिळाला, लोखंडही वितळू लागले, आणि तळाशी दोन थर साचू लागले : खाली जड लोखंड आणि वर हलकी मळी. यामुळे लोखंडाची उधळपट्टी थांबली. पण दगड काही नाहीसा झाला नाही. उलट आता एका दगडासाठी दुसरा दगड आणावा लागतो आणि दोन्ही वितळवावे लागतात.

ज्या धातुकात ३० टक्के लोखंड आणि निम्मी गार आहे, ते तसेच झोतभट्टीत घातले तर काय होईल? एक टन लोखंडासाठी ३.३ टन धातुक लागेल. त्यात दीड टनाहून अधिक गार येईल. तिला साधारण तेवढाच चुना हवा, म्हणजे जवळजवळ ३ टन चुनखडी. एका टन लोखंडामागे ३ टनांवर मळी! आणि हे सारे तापविण्यास व वितळविण्यास कोक लागणार तो वेगळाच. चांगल्या धातुकावर चालणाऱ्या भट्टीत हीच मळी ३०० ते ४०० किलो भरते. त्या हिशेबाने निकस धातुकाची भट्टी ही लोखंडाची न राहता मळीचीच होते, आणि लोखंड हे तिचे एक आनुषंगिक उत्पादन ठरते.

मात्र येथे एक अपवाद सांगितला पाहिजे, कारण त्याने युरोपचा नकाशा बदलण्यास हातभार लावला. फ्रान्सच्या लोरेन प्रांतात मिनेट नावाचे धातुक होते. त्यात लोखंड ३० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे निकसच. परंतु त्याच्याबरोबरचा दगड पुष्कळ ठिकाणी गारेचा नसून चुन्याचा होता. चुनखट आणि गारखट अशा दोन खाणींचे धातुक योग्य प्रमाणात मिसळले की बाहेरून चुनखडी आणण्याचे कारणच उरत नसे. धातुक आपले औषध आपल्याबरोबरच घेऊन येई. दारिद्र्य सारखे असले तरी सोबती कसे मिळतात यावर पुष्कळ अवलंबून असते. तरी मिनेटात एक मोठा दोष होता. त्यात फॉस्फरस होता. झोतभट्टीत फॉस्फरस दगडाबरोबर न जाता लोखंडाबरोबर जातो, आणि असे पोलाद थंडीत काचेसारखे तडकते.

यावर इलाज शोधला तो लंडनच्या एका पोलिस कोर्टातील कारकुनाने. सिडनी गिलख्राइस्ट टॉमस याचा जन्म १८५० सालचा. वडील वारल्यामुळे उच्च शिक्षण सोडून त्याला नोकरी धरावी लागली. दिवसा दंडाची आणि समन्सांची कागदपत्रे, आणि संध्याकाळी बर्कबेक संस्थेत रसायनाची व्याख्याने, असा त्याचा क्रम होता. भट्टीचे अस्तर आतापर्यंत गारेच्या विटांचे असे. ते अस्तर चुनखट दगडाचे केले आणि वितळलेल्या लोखंडात चुना टाकला, तर फॉस्फरस चुन्याशी जोडला जाऊन मळीत उतरेल, असे त्याच्या मनाने घेतले. वेल्समधील ब्लेनॅव्हन येथे रसायनज्ञ असलेला त्याचा मामेभाऊ पर्सी गिलख्राइस्ट याने प्रयोगाला मदत केली, आणि १८७९ साली मिडल्सबरो येथे मोठ्या प्रमाणावर ते सिद्ध झाले. फॉस्फरसाने भरलेली ती मळी दळून शेतात खत म्हणून विकली जाऊ लागली. टाकाऊ वस्तूला इतकी चांगली सद्गती क्वचितच मिळते. टॉमस स्वतः १८८५ साली, वयाच्या पस्तिशीच्या आतच, वारला. कचेरीच्या फायलींखाली किती टॉमस दडपून गेले असतील याची गणती कोणी केलेली नाही. त्याच्या शोधाने लोरेनचे दुर्लक्षित डोंगर युरोपातील अत्यंत मौल्यवान ठेव बनले, आणि ती ठेव पुढे दोन महायुद्धांत वादाचे एक कारण ठरली. तिथली शेवटची लोखंडाची खाण १९९७ साली बंद झाली.

तिसरे उत्तर म्हणजे दगड भट्टीच्या आधीच टाकणे. ऐकावयास हे सर्वांत सोपे वाटते, आणि करावयास ते सर्वांत कठीण गेले. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात मेसाबी नावाची डोंगररांग आहे. १८९२ पासून तेथून सकस हेमेटाइट जाऊ लागले. ते इतके मऊ होते की वाफेच्या फावड्याने उचलून सरळ आगगाडीत भरता येई. या धातुकाच्या भोवती आणि खाली टॅकोनाइट नावाचा अतिशय कठीण खडक होता. त्यात लोखंड २५ ते ३० टक्के, मॅग्नेटाइटाच्या बारीक कणांच्या रूपाने. हा खडक लागला की खाणवाले पाठ फिरवीत.

एडवर्ड विल्सन डेव्हिस हा मिनेसोटा विद्यापीठातील गणिताचा शिक्षक. १९१३ साली या खडकाकडे त्याचे लक्ष वेधले गेले आणि मग त्याने त्याला आयुष्यभर सोडले नाही. मॅग्नेटाइट चुंबकाला चिकटते, गार चिकटत नाही. तेव्हा खडक दळावा आणि चुंबकाने लोखंड वेगळे करावे, इतकी ही साधी कल्पना. दळलेल्या भुकटीत चुंबकीय भाग किती, हे मोजण्यासाठी त्याने काचेच्या नळीचे जे उपकरण केले, ते जगभरच्या प्रयोगशाळांत आजही त्याच्याच नावाने ओळखले जाते. परंतु प्रयोगशाळेतील नळी आणि डोंगर यांत अंतर असते. १९२२ साली बॅबिट येथे पहिला कारखाना निघाला आणि १९२४ साली तो बंद पडला. शास्त्र चुकले नव्हते. शेजारीच सकस धातुक फावड्याने उचलता येत असताना कठीण खडक दळत बसणे परवडत नव्हते, एवढेच.

परवडू लागले ते दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास, सकस साठे संपत आले तेव्हा. त्यातही एक गोष्ट यंत्रशास्त्राबाहेरची होती. मिनेसोटात जमिनीत पडून असलेल्या धातुकावर दरसाल कर घेतला जाई. टॅकोनाइटाचे साठे अफाट. त्यांवर असा कर म्हणजे काम सुरू होण्यापूर्वीच दिवाळे. १९४१ साली कायदा बदलला आणि टॅकोनाइटावरचा कर जमिनीतील साठ्याऐवजी प्रत्यक्ष उत्पादनावर बसविण्यात आला. डेव्हिसच्या चुंबकाला या एका दुरुस्तीने जे बळ दिले, ते कोणत्याही यंत्राने दिले नसते.

मग काम सुरू झाले ते असे. टॅकोनाइट इतका कठीण की साधी गिरमिटे त्यावर बोथट होत. म्हणून केरोसीन आणि प्राणवायू यांच्या ज्वालेने त्यात छिद्रे पाडावयाची, सुरुंग लावून तो फोडावयाचा, चक्क्यांत भरडावयाचा आणि पोलादी दांड्यांच्या व गोळ्यांच्या पिंपांत पाण्याबरोबर दळावयाचा. किती बारीक? लोखंडाचा कण आणि गारेचा कण एकमेकांपासून सुटे होईपर्यंत. म्हणजे जवळजवळ मैद्याइतके. त्या राड्यातून फिरते चुंबकीय पिंप काळी भुकटी उचलून घेते, आणि गार पाण्याबरोबर पुढे जाते. सुमारे ३ टन खडकातून एक टन भुकटी मिळते. तिच्यात लोखंड ६५ टक्के.

आता नवीनच पंचाईत. मैद्यासारखी भुकटी झोतभट्टीत घातली तर हवेच्या झोताने ती धुराड्यातून उडून जाईल, किंवा वायूची वाट तरी कोंडेल. म्हणून ती थोडी ओलसर करून, बेंटोनाइट नावाची चिकट माती चिमूटभर मिसळून, फिरत्या पिंपात लोळवीत तिच्या सेंटिमीटरभर व्यासाच्या गोळ्या करतात आणि त्या सुमारे १३०० अंशांवर भाजतात. वैद्याच्या खलातील गुटिकांची ही थोरली बहीण. या गोळ्या केवळ नाइलाज म्हणून केल्या गेल्या. पण झोतभट्टीत गेल्यावर असे दिसून आले की, खाणीतून येणाऱ्या ओबडधोबड सकस धातुकापेक्षाही त्या चांगल्या चालतात. सगळ्या सारख्या आकाराच्या, त्यामुळे वायू सर्वांना सारखा भिडतो. गार थोडी, त्यामुळे मळी थोडी. मघाचा हिशेब पुन्हा आठवावा. एका टन लोखंडाबरोबर जेथे दीड टनाहून अधिक गार भट्टीत गेली असती, तेथे आता ८० किलोच्या आसपास जाते. मग ज्यांच्याजवळ सकस धातुक होते त्यांनीही गोळ्या करावयास सुरुवात केली. निकसाने सकसाला रीत शिकविली, ती अशी.

पण दगड टाकला म्हणजे तो कोठे तरी पडतोच. बॅबिटचा खडक दळण्यासाठी पाणी अमाप हवे, म्हणून कारखाना सुपीरियर सरोवराच्या काठी सिल्व्हर बे येथे उभारला गेला. १९५५ साली तो सुरू झाला, आणि त्याला डेव्हिसचेच नाव देण्यात आले. गारेचा गाळ सरोवरात सोडण्याची परवानगी होती. गाळ सरोवराच्या खोल तळाशी बसून राहील, असा तेव्हाचा विश्वास. दररोज ६७,००० टन गाळ जाऊ लागला. १९७३ साली सरोवराकाठच्या डुलुथ शहराच्या पिण्याच्या पाण्यात ॲस्बेस्टॉससारखे तंतू आढळले. १९७४ च्या एप्रिलमध्ये न्यायाधीश माइल्स लॉर्ड यांनी कारखाना बंद करण्याचा हुकूम दिला. दोनच दिवसांत वरच्या कोर्टाने त्याला स्थगिती दिली, आणि खटला वर्षानुवर्षे चालला. १९८० साली गाळ सरोवराऐवजी जमिनीवर, बांध घातलेल्या तळ्यात साठविणे सुरू झाले. पंचवीस वर्षे जो दगड फुकट टाकला असे वाटत होते, त्याचा हिशेब तोवर तुंबून राहिला होता.

भट्टीनंतर दगड टाकण्याचाही एक प्रयत्न झाला, तो जर्मनीत. १९३० नंतरच्या दशकात क्रुप कंपनीच्या योहान्सन या तंत्रज्ञाने एक लांबलचक, किंचित कललेली, सावकाश फिरणारी नळभट्टी तयार केली. तिच्यात निकस, गारखट धातुक आणि हलक्या कोळशाची भुकटी घालावयाची. चुनखडी नाही, महाग कोकही नाही. पुढच्या टोकाशी उष्णता इतकीच ठेवावयाची की गारेची मळी वितळू नये, पण गुळाच्या पाकासारखी चिकट व्हावी. फिरता फिरता त्या पाकात लोखंडाचे कण एकमेकांना चिकटून त्यांचे मणी बनतात. सारे बाहेर काढून पाण्यात थंड करावयाचे, फोडावयाचे, आणि चुंबकाने मणी वेचावयाचे. परदेशी धातुक बंद झालेल्या देशास हे उत्तर पटण्यासारखे होते, आणि जपानी सत्तेखालील मांचुरियातही अशा भट्ट्या उभ्या राहिल्या. परंतु कोळशातील गंधक मण्यांत उतरे, आणि ते पुन्हा झोतभट्टीतच घालावे लागत. युद्ध संपून समुद्र मोकळा झाल्यावर ही पद्धत मागे पडली. जपानात निकेलच्या धातुकासाठी मात्र ती टिकून राहिली.

या नळभट्टीवरून एक गैरसमज आपल्याकडे हटकून होतो. भारत हा स्पंज लोखंड काढणारा जगातील सर्वांत मोठा देश आहे. पालोंचा येथे १९८० साली पहिला कारखाना निघाला, आणि त्यानंतर कोळशावर चालणाऱ्या शेकडो नळभट्ट्या उभ्या राहिल्या. तेव्हा निकस धातुकासाठी हाच मार्ग, असे अनेकांस वाटते. खरी गोष्ट नेमकी उलट आहे. स्पंज लोखंडाच्या भट्टीत काहीच वितळत नाही. प्राणवायू जातो, आणि त्याच्या जागी छिद्रे राहतात. गार होती तशीच राहते, आणि ती पुढे विजेच्या भट्टीत वितळवावी लागते. तेथे प्रत्येक किलोला विजेचे बिल असते. म्हणून या पद्धतीला धातुक झोतभट्टीपेक्षाही सकस लागते. कोळशाऐवजी हायड्रोजनने क्षपण करण्याचे जे प्रयत्न चालले आहेत, त्यांनाही हेच लागू आहे. स्वीडनमध्ये लुलेओ येथे २०२० साली असा प्रायोगिक कारखाना सुरू झाला. त्याच्या पाठीशी उत्तरेच्या खाणींतील अतिशय सकस मॅग्नेटाइट आहे. हायड्रोजन प्राणवायू नेतो आणि त्याचे पाणी होते, हे उत्तमच. पण गारेला तो हातही लावीत नाही.

भारतातील निकस धातुकाची जात मिनेसोटाहून वेगळी. आपल्याकडे हेमेटाइट फार, आणि ते चुंबकाला दाद देत नाही. त्याला ५००-६०० अंशांवर बेताचे क्षपण करून मॅग्नेटाइट बनविता येते आणि मग चुंबक चालतो. पण या जादा आचेचा खर्च असतो. दुसरे असे की, आपल्या पुष्कळ धातुकांत गारेपेक्षा ॲल्युमिना अधिक छळतो. तो चिकणमातीतून येतो, आणि झोतभट्टीतील मळी त्याच्यामुळे घट्ट होते. ही माती लोखंडाच्या अतिसूक्ष्म कणांशी अशी एकजीव झालेली असते की धुताना माती जावी तर लोखंडही वाहून जाते.

गोव्याचे धातुक याच प्रकारचे. बरेचसे भुसभुशीत, भुकटीचे, आणि पुष्कळदा ६० टक्क्यांहून कमी लोखंडाचे. देशातील झोतभट्ट्यांना ते फारसे नको होते. ते बार्जमधून मांडवी-जुवारीच्या पाण्यावरून मुरगाव बंदरात येई आणि प्रथम जपानला, नंतर मुख्यतः चीनला जाई. तेथे ते सकस धातुकात मिसळून वापरले जाई. या व्यवस्थेत निकस हा शब्द किती सापेक्ष आहे ते चांगले दिसले. एक टन धातुकासाठी दोन ते तीन टन माती-दगड उपसावा लागे, आणि जे त्या वेळी खपण्यासारखे नसे तेही टाकले जाई. अशा ढिगाऱ्यांचे डोंगर डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत उभे राहिले. चीनची मागणी वाढली तेव्हा कालचा टाकाऊ ढिगारा आज बार्जमध्ये भरला जाऊ लागला. खडा तोच, बदलला तो बाजार. २०१०-११ साली गोव्यातून ५ कोटी टनांहून अधिक धातुक गेले. २०१२ साली खाणकाम थांबविण्यात आले, आणि त्यानंतरची वर्षे मुख्यतः कोर्टकचेऱ्यांत गेली. ज्यांच्या भातशेतात पावसाळ्यात ढिगाऱ्यांची लाल माती उतरत असे, त्यांच्या दृष्टीने धातुकाचे टक्के हा प्रश्न गौण होता.

आपल्या देशात भट्टीआधी दगड टाकण्याचा सर्वांत मोठा प्रयोग सह्याद्रीतच झाला. महाबळेश्वरापासून पुष्कळ दक्षिणेस, कर्नाटकातील कुद्रेमुख येथे. तेथील मॅग्नेटाइट संपत इय्यंगार या भूशास्त्रज्ञाने १९१३ सालीच हेरले होते, म्हणजे डेव्हिसने टॅकोनाइट हाती घेतला त्याच वर्षी. लोखंड ३८ टक्क्यांच्या आसपास. साठ वर्षे तो डोंगर तसाच राहिला. १९७५ साली इराणने कर्ज देऊ केले, त्याबदल्यात माल घेण्याचे ठरले, आणि १९७६ साली सरकारी कंपनी स्थापन झाली. डोंगरावरच खडक दळून, चुंबकाने व पाण्याने गार वेगळी करून, ६७ टक्के लोखंडाची भुकटी तयार होई. तिचा पाण्यातील राडा ६७ किलोमीटर लांबीच्या नळातून मंगळूरपर्यंत आपल्या भाराने उतरत जाई. उतारावर सह्याद्री उभा आहे याचा इतका नेटका उपयोग क्वचितच कोणी केला असेल. कारखाना १९८० साली सुरू झाला. पण त्याआधीच इराणमध्ये क्रांती झाली होती आणि ठरलेले गिऱ्हाईक उरले नव्हते. तयार मालाला दुसरी बाजारपेठ शोधावी लागली, आणि १९८७ साली मंगळुरास गोळ्या करण्याचा कारखाना जोडण्यात आला.

त्याच १९८७ साली खाणीभोवतीच्या अरण्यास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळण्यास प्रारंभ झाला. भारतातील अत्यंत पावसाच्या प्रदेशांपैकी हा एक. वर्षाला ६,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस. भद्रा नदीचे उगमस्थान येथेच. उघड्या केलेल्या डोंगरावरून माती त्या नदीत उतरू लागली, आणि खालच्या शेतकऱ्यांची व निसर्गरक्षकांची तक्रार अखेर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. ऑक्टोबर २००२ मध्ये न्यायालयाने खाण बंद करण्याचा निर्णय दिला, आणि ३१ डिसेंबर २००५ रोजी ती बंद झाली. मॅग्नेटाइट संपलेले नव्हते. खाणीवरील वसाहत ओस पडत गेली. मंगळूरचा गोळ्यांचा कारखाना पुढे दुसऱ्या खाणींतून आणलेल्या हेमेटाइटावर चालविण्यात आला.

पंचवीस वर्षांत दळून बाजूला काढलेली गार मात्र कोठे गेली नाही. तिच्यासाठी लक्या नावाच्या ओढ्यावर सुमारे १०० मीटर उंचीचा बांध घातलेला होता. खाण बंद झाली तरी तो बांध बंद करता येत नाही. दर पावसाळ्यात त्याच्या सांडव्यावर लक्ष ठेवावे लागते.